जागतिक बँक, आशियाई बँकेच्या कर्जातून होणाऱ्या कामांना जाब कसा विचारायचा? सोलापूर जिल्ह्यातल्या नागरिकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावातल्या कामाचा आणि वॉशिंग्टनच्या जागतिक बँकेचा किंवा मनिलातल्या आशियाई विकास बँकेचा संबंध काय?

वाटतो त्याहून बराच जवळचा. दौंड ते कलबुर्गी रेल्वेमार्गाचे दुहेरीकरण आशियाई विकास बँकेच्या २०११ च्या रेल्वे कर्ज कार्यक्रमातले आहे. राज्यातल्या ३४ जिल्ह्यांतले ग्रामीण रस्ते सुधारण्यासाठी याच बँकेने २०१८ मध्ये २० कोटी डॉलर आणि २०२१ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर मंजूर केले. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याच्या डाळिंब बागायतदारांना ‘मॅग्नेट’ हे नाव ओळखीचे असेल. फळे, भाजीपाला आणि फुलांच्या मूल्यसाखळीसाठीचा हा प्रकल्प आशियाई बँकेच्या १० कोटी डॉलरच्या कर्जावर चालतो. शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठीच्या ‘स्मार्ट’ प्रकल्पाला जागतिक बँकेचे २१ कोटी डॉलरचे कर्ज आहे.

ही रक्कम अनुदान नव्हे, कर्ज आहे. २००५ पासून परदेशी कर्ज केंद्राला ज्या अटींवर मिळते त्याच अटींवर ते राज्याकडे वळते होते. डॉलर महागला की वाढीव बोजा राज्याच्या तिजोरीवर पडतो. म्हणजे फेड शेवटी आपल्याच करातून होते. मग काम नीट झाले का, कोणाचे नुकसान झाले का, हे विचारण्याचा हक्कही आपलाच.

प्रत्येक मोठे काम जागतिक बँकेचेच असते का?

नाही, आणि इथेच बहुतेकांची वाट चुकते. सोलापूर जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या २० स्मार्ट सिटींच्या यादीत आले, पण त्या योजनेचा मूळ निधी केंद्र, राज्य आणि पालिकेचा. वर सांगितलेला शेतीचा ‘स्मार्ट’ प्रकल्प वेगळा. नाव सारखे असल्याने दोन्हींचे कागद एकमेकांत मिसळतात. महामार्गाच्या भूसंपादनाबद्दलच्या हरकती राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली ‘३ सी’ नुसार २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्याव्या लागतात. ती मुदत सोडून कोणी मनिलाला पत्र पाठवत बसला तर दोन्हीकडून हात रिकामे राहतात. आधी पैसा कोणाचा ते शोधा, मग दार ठोठवा.

पैसा कोणाचा हे शोधायचे कसे?

कामाच्या जागेवरचा फलक सगळ्यात आधी पाहा. त्यावर ‘आशियाई विकास बँक अर्थसहाय्यित’ असे शब्द असतील तर अर्धे काम झाले. फलकाचा फोटो काढताना रस्त्याचे नाव, ठेकेदार, कामाची रक्कम आणि देखभालीचा काळ वाचता येईल इतक्या जवळून काढा. पुढे हे फलक पडतात किंवा रंगवले जातात.

मग बँकेच्या संकेतस्थळावर प्रकल्प शोधा. जागतिक बँकेचा प्रकल्प क्रमांक ‘पी’ अक्षर आणि सहा अंक असा असतो. आशियाई बँकेचा पाच अंक, मध्ये आडवी रेघ आणि पुढे तीन अंक. क्रमांक मिळाला की कर्ज मंजुरीची आणि कर्ज बंद होण्याची तारीख दोन्ही मिळतात. यातली दुसरी तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे.

संकेतस्थळावर गावनिहाय तपशील क्वचितच सापडतो. त्यासाठी माहिती अधिकार. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, शुल्क १० रुपये. कोर्ट फी स्टॅम्प लावणे सोपे पडते. रस्त्याच्या कामासाठी जन माहिती अधिकाऱ्याकडे इतकेच मागा:

कार्यारंभ आदेश; मंजूर अंदाजपत्रक; साखळी क्रमांकानुसार (म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतरानुसार) मोऱ्या व नळकांडी पुलांची यादी; निधीचा स्रोत व कर्ज क्रमांक; कामापूर्वी भरलेली पर्यावरण व सामाजिक तपासणी सूची; जमीनधारकांच्या संमतीपत्रांच्या प्रती; मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने.

‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहू नका. तसे लिहिले की ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ असे उत्तर हमखास येते. ‘का केले नाही?’ असा प्रश्नही टाळा, कारण अधिकारी कागद देऊ शकतो, खुलासा देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) नुसार तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे त्यांचे काम आहे. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पहिले अपील, त्यावरही नाही आले तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरे अपील. रेल्वेसारखे केंद्राचे खाते असेल तर दुसरे अपील दिल्लीच्या केंद्रीय आयोगाकडे जाते.

कर्जाच्या कागदांत नेमके काय वाचायचे?

शेकडो पानांत हरवू नका. जागतिक बँकेच्या प्रकल्पात दोन कागद कामाचे: पर्यावरण व सामाजिक बांधिलकी आराखडा आणि संबंधित घटकांच्या सहभागाचा आराखडा. पहिल्यात सरकारने कोणत्या तारखेपर्यंत काय करायचे कबूल केले ते असते, आणि तो कर्जकराराचा भाग असतो. दुसऱ्यात लोकांना कधी, कुठे, कोणत्या भाषेत माहिती द्यायची ते असते. बँकेची दहा पर्यावरणीय व सामाजिक मानके १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहेत. त्यातले दुसरे मजुरांविषयी, पाचवे जमीन आणि विस्थापनाविषयी, दहावे लोकसहभागाविषयी. गावपातळीवरच्या बहुतेक तक्रारी या तीनांतच बसतात.

आशियाई बँकेच्या जुन्या कर्जांना २००९ चे सुरक्षा धोरण लागू आहे. त्यात पर्यावरण, सक्तीचे विस्थापन आणि आदिवासी समाज या तिन्हींसाठी प्रकल्पाला वेगवेगळी अ, ब किंवा क श्रेणी दिलेली असते. ‘क’ म्हणजे नुकसान जवळजवळ नाही. तुमच्या गावात जमीन गेली आणि कागदावर विस्थापनाची श्रेणी ‘क’ असेल, तर तुमच्या तक्रारीचा पहिला मुद्दा तोच.

तक्रार कोणाकडे करायची?

जागतिक बँक सरकारला कर्ज देते तेव्हा दार तपासणी मंडळाचे. तीन सदस्यांचे हे मंडळ बँकेच्या व्यवस्थापनाला नव्हे, थेट संचालक मंडळाला उत्तरदायी आहे. २०२० पासून त्याच छत्राखाली वाद मिटवण्याचा वेगळा विभागही आहे. बँकेच्या गटातले आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ खासगी कंपन्यांना पैसा देते. त्याच्यासाठी १९९९ पासून अनुपालन सल्लागार लोकपाल आहे, आणि तिथे एकटा माणूसही तक्रार करू शकतो. तपासणी मंडळ आणि आशियाई बँक या दोन्हीकडे मात्र किमान दोघे हवेत.

आशियाई बँकेच्या उत्तरदायित्व यंत्रणेत दोन वाटा आहेत: मध्यस्थीने तोडगा, किंवा बँकेने स्वतःचे धोरण पाळले का याची चौकशी. कोणती हवी ते तक्रारदारानेच सांगायचे असते. मोरी बांधून हवी असेल, भरपाई हवी असेल तर पहिली वाट धरा. सगळ्या जिल्ह्यात एकच चूक होते आहे असे दिसत असेल तर दुसरी.

बीजिंगच्या आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेचीही यंत्रणा आहे. पण काम दुसऱ्या बँकेबरोबर भागीत असेल आणि त्या बँकेचे नियम लागू असतील, तर तक्रारही तिकडेच पाठवली जाते.

तक्रारीत काय लिहायचे?

एक नमुना घेऊ. सांगोला तालुक्यात एका ग्रामीण रस्त्याची उंची वाढवली. जुन्या रस्त्याखाली ओढ्याचे पाणी काढणारी ९०० मिलिमीटरची नळकांडी होती, नव्या कामात ती बुजली. सप्टेंबरच्या पावसात रस्त्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबले. डाळिंबाच्या मुळाशी पाणी दोन-चार दिवस उभे राहिले की मर रोग लागतो, झाडे पिवळी पडून वाळतात, आणि मेलेली बाग पुन्हा उभी करायला दोन-तीन वर्षे जातात.

या तक्रारीत ‘निकृष्ट काम’, ‘भ्रष्टाचार’ हे शब्द पहिल्या ओळीत नकोत. हवे ते असे: प्रकल्पाचे नाव व क्रमांक, रस्त्याचा क्रमांक, मोरीचा साखळी क्रमांक, अंदाजपत्रकात मोरी होती की नव्हती, पाणी कोणत्या तारखेला तुंबले, किती दिवस राहिले, कोणत्या गट नंबरमधली किती झाडे गेली, तलाठ्याचा पंचनामा आणि कृषी सहायकाची पाहणी, तुम्ही आधी कोणाकोणाला कळवले आणि काय उत्तर आले, आणि शेवटी तुम्हाला काय हवे. नुकसान, ते होण्याचे कारण आणि बँकेचा मोडलेला नियम, ही साखळी एका पानात दिसली पाहिजे. सातबारा आणि फोटो मागे जोडा.

झाडांच्या किमतीचा आकडा फुगवू नका. चौकशीला आलेली माणसे शेजारच्या बागेतही जातात, आणि एक आकडा खोटा निघाला की खऱ्या नुकसानीवरही विश्वास बसत नाही.

रस्त्यासाठी जमीन ‘स्वेच्छेने’ दिल्याचे कागद आहेत. आता काही करता येईल का?

येईल, आणि हा विषय आमच्या मते जिल्ह्यात सगळ्यात दुर्लक्षित आहे. ग्रामीण रस्त्यांत भूसंपादन टाळण्यासाठी शेतकऱ्याकडून संमतीपत्र घेण्याची पद्धत आहे. पण दान म्हणजे खरोखर दान असले पाहिजे. जागतिक बँकेच्या पाचव्या मानकानुसार दात्याला नकार देता येतो हे त्याला सांगितलेले असावे लागते, जमीन किरकोळ असावी लागते, उरलेल्या जमिनीवर त्याचा उदरनिर्वाह आधीसारखा चालला पाहिजे आणि त्यामुळे कोणाचे घर हलता कामा नये. आशियाई बँकही दान खुशीचे होते याची त्रयस्थाकडून खातरजमा मागते.

संमतीपत्राची प्रत काढा आणि तारीख पाहा. काम सुरू झाल्यानंतरची तारीख असेल तर ते पत्र मागाहून तयार केलेले आहे. सामायिक खात्यात एकाच भावाची सही आहे का, बहिणींची नावे सातबारावर असताना त्यांना विचारले का, कोऱ्या कागदावर अंगठा घेतला का, ही चौकशी घरोघर जाऊन करा. बहिणींचा मुद्दा बहुतेक ठिकाणी निघतो.

थेट बँकेकडेच गेले तर?

तक्रार परत येते. बहुतेक यंत्रणा विचारतात की आधी तुम्ही प्रकल्प राबवणाऱ्यांना आणि बँकेला कळवले होते का. म्हणून आधी कार्यकारी अभियंता किंवा प्रकल्प कक्षाला लेखी अर्ज द्या, आवक शिक्क्याची पोच घ्या. मग प्रकल्पाच्या तक्रार निवारण समितीकडे. त्यानंतर बँकेच्या नवी दिल्लीतल्या कार्यालयाला ईमेल. दोन-तीन आठवडे वाट पाहून स्मरणपत्र. तोंडी आश्वासनाचा इथे काहीही उपयोग नाही. साहेब ‘बघतो’ म्हणाले असतील तर त्याच संध्याकाळी ‘आज आपण असे सांगितले’ असा ईमेल त्यांना पाठवा.

सोबत ग्रामसभेचा ठराव असला तर वजन वाढते. गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातली कमी असलेली संख्या लागते. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल घ्या.

तक्रारी कशामुळे बाद होतात?

मुदत हे पहिले कारण. तपासणी मंडळाच्या जुन्या नियमात कर्ज बंद होईपर्यंत किंवा ९५ टक्के रक्कम वाटली जाईपर्यंतच तक्रार घेतली जाई. २०२० च्या ठरावाने कर्ज बंद झाल्यावर १५ महिन्यांपर्यंत मुदत वाढवली. आशियाई बँकेच्या २०१२ च्या धोरणात ही मुदत दोन वर्षांची आहे. पण वाढीव मुदतीच्या भरवशावर राहू नका. कर्ज चालू असताना बँकेकडे पुढचा हप्ता रोखण्याची ताकद असते, बंद झाल्यावर उरते ती विनंती.

दुसरे कारण म्हणजे विषयच त्या दाराचा नसणे. निविदेतला घोळ, टक्केवारी, खोटी बिले यासाठी जागतिक बँकेचा सचोटी विभाग आणि आशियाई बँकेचे भ्रष्टाचारविरोधी कार्यालय वेगळे आहे. नुकसानीची आणि भ्रष्टाचाराची तक्रार एकाच पत्रात घातली की दोन्ही अडकतात.

तिसरे, सही करणाऱ्यांत प्रत्यक्ष बाधित कोणीच नसणे. संघटना प्रतिनिधी म्हणून उभी राहू शकते, पण बाधितांचे अधिकारपत्र हवे.

इतके करून खरेच काही पदरात पडते का?

पडते, पण किती आणि काय ते आधीच समजून घ्या.

ही दारे बँकांनी आपणहून उघडली नाहीत. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. त्या धरणाने महाराष्ट्रातली अक्कलकुवा-अक्राणी भागातली ३३ गावे बाधित झाली. मणिबेली त्यांतलेच. नर्मदा बचाव आंदोलनाच्या रेट्यामुळे बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. जून १९९२ च्या तिच्या अहवालाने पुनर्वसनातल्या गंभीर त्रुटी दाखवल्या, मार्च १९९३ मध्ये उरलेले कर्ज थांबले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तपासणी मंडळ स्थापन झाले. आज सांगोल्याचा शेतकरी वॉशिंग्टनला तक्रार करू शकतो तो त्या आदिवासी गावांच्या लढ्यामुळे. धरण मात्र थांबले नाही. बँक बाहेर पडली, काम राज्यांच्या पैशातून पुढे गेले.

मुंबईच्या नागरी वाहतूक प्रकल्पात २००४ मध्ये कुर्ल्याच्या दुकानदारांसह विस्थापितांनी तपासणी मंडळाकडे तक्रारी केल्या. मंडळाच्या चौकशीनंतर मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचे पैसे रोखले आणि काही महिन्यांनी अटी घालून पुन्हा सुरू केले. हप्ता अडकल्यावर जे बदलले, ते आधीच्या अर्जविनंत्यांनी बदलले नव्हते.

कच्छमधल्या मुंद्र्याच्या ४,००० मेगावॅटच्या वीजप्रकल्पाला आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने ४५ कोटी डॉलर दिले होते. मच्छीमारांच्या तक्रारीवर लोकपालाने २०१३ मध्ये महामंडळाच्या चुका दाखवल्या, तरी महामंडळाने पुरेशी पावले उचलली नाहीत. मच्छीमार अमेरिकेच्या न्यायालयात गेले. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध १ मतांनी सांगितले की अशा संस्थांना संपूर्ण अभय नाही. पुढे खालच्या न्यायालयांत त्यांचा दावा टिकला नाही, आणि २०२२ मध्ये ती वाट बंद झाली.

म्हणून भरपाईसाठी एकट्या बँकेवर भिस्त ठेवू नका. ही मंडळे चूक झाली हे सांगू शकतात, पैसे द्यायला लावू शकत नाहीत. दिवाणी दावा, हरित लवाद, भूसंपादन प्राधिकरण यांच्या मुदती वेगळ्या चालू असतात. त्या चुकवू नका.

आमचा आक्षेप एका रस्त्यावर नाही, धोरणावरच आहे. मग?

मग तक्रारीची ही दारे अपुरी पडतात. धोरण कायद्यात उतरते तिथे जावे लागते. पाण्याचे उदाहरण घ्या. २००५ मध्ये राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आणि शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला. त्याच वर्षी जागतिक बँकेने राज्याच्या जलक्षेत्र सुधार प्रकल्पाला ३२.५ कोटी डॉलर मंजूर केले. पाणी मोजून द्यायचे, दर प्राधिकरणाने ठरवायचा, वाटप पाणीवापर संस्थांनी करायचे, ही त्या सुधारणांची दिशा. उजनीच्या कालव्यावरच्या शेतकऱ्याच्या पाणीपट्टीवर तिचा थेट परिणाम होतो. ठोक जलप्रशुल्क, म्हणजे मोठ्या प्रमाणावर दिल्या जाणाऱ्या पाण्याचा दर, दर तीन वर्षांनी ठरते आणि त्याआधी मसुद्यावर हरकती मागवल्या जातात. तिथे लेखी हरकत द्या. शेती, घरगुती वापर आणि उद्योग यांच्या दरांतले प्रमाण, आवर्तन चुकले तरी पूर्ण पट्टी का, टेलच्या शेतकऱ्याला मोजमाप कोण दाखवणार, हे मुद्दे आकड्यांसह मांडा. अशा मसुद्यांवर सोलापूरकडून ढीगभर हरकती गेल्या पाहिजेत.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे बाधित नागरिकासाठी तक्रारीचे असे दारच नाही. तिथल्या मतांत अमेरिकेचा वाटा साधारण साडेसोळा टक्के, भारताचा पावणेतीनच्या आत; आणि मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात. म्हणजे एकटी अमेरिका ते अडवू शकते. तिथे पोहोचायचे तर खासदारामार्फत संसदेत प्रश्न आणि अर्थ मंत्रालयाकडे निवेदन, हाच मार्ग.

बँकेचे कागद आपल्या बाजूनेही वापरता येतात, हे दाभोळच्या वीजप्रकल्पाने दाखवले. १९९३ मध्ये जागतिक बँकेनेच एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा तो प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असे सांगून कर्ज नाकारले होते. विरोधकांच्या हातात त्याहून भक्कम पुरावा नव्हता.

मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांनी विडी कामगार महिला बेजार आहेत. याचा जागतिक संस्थांशी संबंध आहे का?

काही कंपन्यांत आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळासारख्या संस्थांचा पैसा असतो. तुमच्या कंपनीत आहे का ते तिच्या वार्षिक अहवालात आणि महामंडळाच्या गुंतवणूक यादीत पाहा. असेल तर लोकपालाकडे तक्रार करता येते. पण हा रस्ता लांबचा आहे. आजचा त्रास थांबवायला रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम जास्त उपयोगी: कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, आणि वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर तगादा चालत नाही. कंपनीकडे लेखी तक्रार द्या, ३० दिवसांत समाधान नाही झाले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. महिलांच्या हप्त्याच्या कार्डांचे फोटो एकत्र करा. एकाच घरात चार कंपन्यांची कर्जे दिली गेल्याचे त्यातूनच सिद्ध होते.

आंदोलन केले तर तक्रारीला बाधा येते का?

नाही. पूनम गेटसमोर धरणे धरा, मोर्चा काढा. शहरात पोलीस आयुक्तालयाचा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा जमावबंदी आदेश सुरू आहे का ते आधी पाहा आणि लेखी परवानगी घ्या. धमकी किंवा दबाव येत असेल तर तक्रारीतच नावे गुप्त ठेवण्याची मागणी करा. सगळ्या यंत्रणांत तशी सोय आहे. परदेशातून कोणी मदतीला पैसे देऊ केले तर परकीय योगदान कायद्याची नोंदणी नसताना ते घेऊ नका. तक्रारीचा मुद्दा बाजूला राहतो आणि चौकशी तुमचीच सुरू होते.

वकील लागतो का? इंग्रजी येत नसेल तर?

वकील लागत नाही, शुल्क नाही, संस्था नोंदवलेली असण्याचीही गरज नाही. तक्रार मराठीत चालते. उत्तरे इंग्रजीत येतात, म्हणून गावातला एखादा शिकलेला मुलगा किंवा मुलगी पत्रव्यवहारासाठी नेमा आणि एकच ईमेल पत्ता शेवटपर्यंत ठेवा. तपासणी मंडळाने तक्रार नोंदवली की बँकेच्या व्यवस्थापनाला उत्तरासाठी कामकाजाचे २१ दिवस मिळतात. त्या काळात अधिकारी गावात येतात, कधी घाईघाईने मोरी खोदायलाही सुरुवात होते. काम होऊ द्या, रोजचे फोटो काढा, पण तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही करू नका. सह्या नेहमी मराठी प्रतीवरच घ्या, गावात वाचून दाखवल्यानंतर. इंग्रजी भाषांतर नुसते सोबत जोडा, म्हणजे ‘आम्हाला काय लिहिले ते माहीत नव्हते’ असे उद्या कोणाकडून वदवून घेता येणार नाही.